मनाच्या प्रथमोपचाराचे शिक्षक
(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी समारंभात सिल्वासा येथे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेचा गौरव करावा असा रिवाज आहे. परंतु ते काम माझ्याआधी बोललेल्या वडीलधाऱ्यांनी उत्तम रीतीने केले आहे. चिटणीसांनी मला नेमून दिलेला विषय निराळा आहे. मनाचा प्रथमोपचार म्हणजे काय, आणि तो इतरांना शिकविणारा शिक्षक कसा व्हावे, याविषयी मी बोलावे अशी त्यांची इच्छा आहे. गेल्या वर्षी मी या विषयाचा प्राथमिक शिक्षणक्रम पुरा केला आणि शिक्षक होण्यासाठी लागणाऱ्या पुढच्या शिक्षणाची माझी तयारी चालू आहे, म्हणून ही कामगिरी माझ्याकडे आली. मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. तेव्हा मास्तराला जेवढे सांगता येईल तेवढेच सांगतो.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. वैद्य येईपर्यंत, किंवा रोगी वैद्याकडे पोहोचेपर्यंत, जवळच्या माणसाने जी मदत करावयाची तिला प्रथमोपचार म्हणतात. इंग्लंडात १८७७ साली सेंट जॉन अँब्युलन्स संघटना स्थापन झाली आणि सामान्य माणसांना ही विद्या पद्धतशीरपणे शिकविली जाऊ लागली. आपल्या देशातील १९४८ च्या कारखाने कायद्याने तर दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचाराची पेटी असावी आणि ती प्रमाणपत्र मिळविलेल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी असे बंधन घातले. आमली, मसाट, पिपरिया, खडोली येथील कारखान्यांत ज्यांची उमेदीची वर्षे गेली त्यांना ही पेटी चांगली ठाऊक आहे. यंत्रात बोट सापडले तर रक्त कसे थांबवावे, हाड मोडले तर फळी कशी बांधावी, हे आपल्यापैकी पुष्कळांना येते.

आता असे समजा की, त्याच कारखान्यातील एक कामगार गेले तीन आठवडे झोपलेला नाही. डबा उघडतो आणि तसाच मिटतो. पूर्वी पाळी सुटल्यावर चार माणसांत बसून हसत असे. आता कोपऱ्यात बसतो. खान्देशातील घरी पैसे पाठवितो, पण फोन उचलीत नाही. एके दिवशी तो सहज बोलल्यासारखा बोलतो की, मी नसतो तर सगळ्यांचेच बरे झाले असते. त्याच्या शेजारच्या माणसाने काय करावे? पेटीत त्यासाठी काही नसते. शेजारचा माणूस भला असला तर म्हणतो, “अरे, मन घट्ट कर.” भला नसला तर म्हणतो, “याला ठाण्याला पाठवा.” ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली उपचारासाठी निघाले, पण आपल्या बोलीत त्या गावाचे नाव शिवीसारखे रूढ झाले. आजाराची आपण किती चेष्टा केली आहे याचा तो पुरावा आहे.

या उणिवेवर उपाय शोधणारी एक बाई ऑस्ट्रेलियात होती. बेटी किचनर हे तिचे नाव. ती रेडक्रॉसतर्फे शरीराचा प्रथमोपचार शिकवीत असे, आणि तरुणपणापासून तिने स्वतः औदासीन्याचा आजार भोगला होता. पायाला जखम झाली तर काय करावे हे आपण गावोगाव शिकवितो, मग मन कोलमडले तर काय करावे हे का शिकवीत नाही, असा प्रश्न तिला पडला. तिचे पती अँथनी जॉर्म हे मानसिक आरोग्याचे संशोधक होते. दोघांनी मिळून २००० साली कॅनबेरात हा शिक्षणक्रम सुरू केला आणि तो पंचवीसहून अधिक देशांत पसरला. या विद्येची पहिली शिक्षिका स्वतः रोगी होऊन गेलेली होती, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. ज्याने दुखणे सोसले त्याला शिकविण्याचा अधिकार नाही, असे या विद्येत कोणी म्हणू शकत नाही.

शिक्षणक्रम साधारण बारा तासांचा असतो. त्यात शिकविली जाणारी कामे पाच आहेत. पहिले, माणसाजवळ जावे आणि जिवाला धोका आहे काय ते पाहावे. दुसरे, त्याचे म्हणणे न्यायाधीश न होता ऐकून घ्यावे. तिसरे, धीर द्यावा आणि खरी माहिती द्यावी. चौथे, डॉक्टरकडे किंवा जाणत्या सल्लागाराकडे जाण्यास त्याला राजी करावे. पाचवे, घरची माणसे, मित्र, शेजारी यांचा आधार त्याच्याभोवती उभा करावा. रोगाचे नाव ठरविणे, औषध देणे किंवा चालू असलेले औषध बंद करावयास सांगणे ही कामे या यादीत नाहीत, आणि नाहीत हेच बरे.

यांतील पहिले काम सर्वांत अवघड वाटते, कारण तेथे एक प्रश्न विचारावा लागतो: “तुमच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?” हा प्रश्न ओठांवर आणताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरेल, अशी आपली समजूत आहे. ती समजूत चुकीची आहे. सरळ आणि प्रेमाने विचारल्याने विचार उत्पन्न होत नाही. उलट, आतल्या आत दाबलेली गोष्ट बोलावयास वाट मिळते. उत्तर ‘होय’ असे आले तर त्या माणसाला एकटे सोडावयाचे नाही, धोक्याच्या वस्तू त्याच्यापासून दूर ठेवावयाच्या आणि मदत मिळेपर्यंत सोबत राहावयाचे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. वर्गात हजेरी घेणाऱ्या माणसाला हा दुसरा आकडा वाचून स्वस्थ बसवत नाही.

आता शिक्षकाकडे वळतो. हे पाच मुद्दे एका पुस्तिकेत छापून घरोघर वाटले तर भागणार नाही काय, असे कोणी विचारील. बी. एड. करताना आम्हा सर्वांना सराव पाठ घ्यावे लागत. आपल्याला विषय येतो आणि आपल्याला तो शिकविता येतो, या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे हे त्या पाठांत कळते. येथेही तसेच आहे. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने आधी स्वतः मूळ शिक्षणक्रम करावयाचा. मग काही दिवसांचा स्वतंत्र वर्ग. त्यात परीक्षकांसमोर पाठ घेऊन दाखवावयाचा. त्यानंतर मान्यता, आणि ती मान्यता टिकविण्यासाठी ठरावीक वर्ग घेत राहावयाचे. असे शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्या देशातही आहेत.

या वर्गांत नुसती व्याख्याने नसतात. दोघेजण समोरासमोर बसतात. एकाने रोगी व्हावयाचे आणि दुसऱ्याने मदत करणारा. पाहण्यास हे सोपे दिसते. पण दोन मिनिटांत मदत करणारा उपदेश करू लागतो. “आमच्या वेळी काय कमी हाल होते?” “नमाज पढत जा”, “नामस्मरण कर”, “सकाळी फिरावयास जा”, “लग्न करून टाक, सगळे ठीक होईल.” पी हळद आणि हो गोरी! आपली भाषा उपदेशाला सरावलेली आहे, आणि आम्हा मास्तर लोकांची तर विशेष. समोरच्याने ‘हूं’ म्हणून थांबावे आणि पुढचे वाक्य दुसऱ्याला बोलू द्यावे, एवढे साधावयास बारा तासांतील पुष्कळ वेळ जातो. हे पुस्तिका वाचून येत नाही. कोणी तरी समोर बसून करवून घ्यावे लागते. शिक्षकाची गरज ती येथे.

दुसरी गरज भाषेची आहे. आपल्या या प्रदेशात वारली, कोकणी, गुजराती, मराठी, हिंदी अशा बोली एकाच रस्त्यावर ऐकू येतात. यांपैकी कोणत्याही बोलीत माणूस ‘मला डिप्रेशन आहे’ असे सांगत येत नाही. तो म्हणतो, जीव घाबरतो. बाई म्हणते, डोके जड आहे, अंग मोडून येते, कशात मन लागत नाही. सासू म्हणते, सुनेला बाहेरचे काही तरी लागले आहे. बाळंतपणानंतर महिनाभर रडणाऱ्या मुलीला आळशी म्हटले जाते. नापास होण्याच्या भीतीने पोट दुखणाऱ्या मुलाला ढोंगी म्हटले जाते. हे शब्द ज्याच्या कानावर लहानपणापासून पडले आहेत, त्यालाच त्यांच्या मागचे दुखणे ओळखावयास शिकविता येईल. बाहेरून आलेला मोठा तज्ज्ञ दोन तास बोलून जाईल, आपण टाळ्या वाजवू; पण रात्री दहा वाजता दार ठोठावले जाईल ते शेजारच्या माणसाचे. म्हणून शिक्षक आपल्यातलाच हवा.

हे माझे स्वप्नरंजन नव्हे. आपल्या जवळच्याच नाशिक जिल्ह्यात २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने तो चालविला. गावातीलच विश्वासू माणसे निवडून त्यांना ऐकून घेण्याचे आणि साधा सल्ला देण्याचे शिक्षण दिले. ज्याला अधिक मदत हवी त्याला त्यांनी सरकारी डॉक्टरकडे पोहोचविले. पुढे २०१७ पासून हे काम गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेले आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपल्या मार्गदर्शक ग्रंथात त्याची दखल घेतली. गोव्यात ‘संगात’ ही संस्था १९९६ पासून आहे. डॉक्टर नसलेली परंतु नीट शिकविलेली माणसे सरकारी दवाखान्यांत औदासीन्याच्या व चिंतेच्या रोग्यांना बरे होण्यास मदत करू शकतात, हे तेथील प्रयोगाने २०१० साली दाखवून दिले.

अशा माणसांची जरुरी किती आहे? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. प्रौढ माणसांत शंभरामागे दहाहून अधिक जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. आजाराच्या प्रकारानुसार शंभरांपैकी सत्तर ते ब्याण्णव रोग्यांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

येथे एक नाजूक गोष्ट बोलावयाची आहे. मन बिघडले की आपण प्रथम जातो कोठे? कोणी भगताकडे जातो, कोणी देवऋष्याकडे, आणि आमच्या समाजात दर्ग्यावर. मी मुसलमान आहे आणि दुआवर माझी श्रद्धा आहे. परंतु ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे जे घडले ते मी विसरू शकत नाही. दर्ग्याच्या गावी एका खाजगी आश्रयस्थानात मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवले होते. पहाटे छपराला आग लागली. बांधलेली माणसे पळणार कशी? अठ्ठावीस जीव गेले. त्यांच्या घरच्यांनी त्यांना द्वेषाने तेथे ठेवले होते असे नाही. दुसरी वाट त्यांना कोणी दाखविली नव्हती.

आणि दुसरी वाट निघू शकते. गुजरातेत उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. तेथे २००८ च्या सुमारास ‘दवा आणि दुआ’ या नावाने काम सुरू झाले. दर्ग्याच्या आवारातच मनोविकारांचे डॉक्टर बसू लागले, आणि आलेल्या माणसाला ‘दुआ कर आणि शेजारच्या खोलीत डॉक्टरांनाही भेट’ असे सांगावयास मुजावरांना शिकविण्यात आले. कोणाची श्रद्धा मोडली नाही, कोणाचा अपमान झाला नाही. आमच्या परंपरेला हे नवे नाही. कैरो शहरात सुलतान कलावूनने १२८४ साली बांधलेल्या रुग्णालयात मनाच्या रोग्यांचीही सोय होती. आता माझ्या दृष्टीने ते मुजावर हेच मनाचे प्रथमोपचारक होत. त्यांना शिकविणारे कोणी तरी होते म्हणूनच ते तसे झाले.

कायदाही आज आपल्या बाजूला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने रोग्याला साखळीने बांधण्यास मनाई केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, असेही त्याने सांगितले. जुन्या दंडसंहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम पूर्वीच्या रूपात उरलेले नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीने दुखणे लपविण्याचे कारण राहिलेले नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनीसेवा चालू आहे; १४४१६ हा तिचा क्रमांक, आणि तेथे रात्रंदिवस माणूस बोलावयास असतो. डॉक्टरही आता ठाण्याइतके दूर नाहीत. सिल्वासात विनोबा भावे नागरी रुग्णालय आहे आणि २०१९ पासून येथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

या विद्येची स्तुती मी हातचे राखूनच करणार आहे. २००४ साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, शिक्षणक्रम केलेल्या माणसांचे ज्ञान व मदतीची तयारी वाढली आणि त्यांचे स्वतःचे मनःस्वास्थ्यही सुधारले, असे दिसले. परंतु ज्यांना मदत केली त्या रोग्यांचे नक्की किती भले झाले? २०२३ साली कॉक्रेन या संस्थेतील संशोधकांनी सर्व प्रयोग तपासले आणि याचा निश्चित निर्णय देण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही असे सांगितले. हे मी मुद्दाम सांगतो. वर्गाला बसणाऱ्यांना शिक्षकाने चमत्काराचे आश्वासन देऊ नये. प्रथमोपचाराने हाड सांधत नाही. ते अधिक मोडू नये आणि रोगी डॉक्टरपर्यंत पोहोचावा एवढेच त्याचे काम. आपली मर्यादा जाणणे हा या शिक्षकाचा पहिला गुण.

दुसरा गुण म्हणजे गुप्तता. आपल्यात ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणतात. मुलीच्या लग्नात अडथळा येईल, मुलाची नोकरी जाईल, या धास्तीने घरे दुखणे झाकून ठेवतात, आणि ती धास्ती खोटी नाही. कारण आपणच चौकात बोलतो, वधूवर मेळाव्यात कुजबुजतो. ऐकलेली गोष्ट ज्याच्या पोटात राहत नाही त्याने हे काम पत्करू नये. जिवाला धोका असेल तर मात्र ती गोष्ट योग्य माणसाला सांगितलीच पाहिजे, आणि तसे रोग्यालाही स्पष्ट सांगून ठेवावे. तिसरा गुण स्वतःची काळजी. दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणाऱ्याने आपलेही मन कोणापाशी तरी मोकळे करावे.

आता विश्वस्तांपुढे नम्रपणे तीन मागण्या ठेवतो. वैद्यकीय साहाय्यासाठी आलेल्या अर्जांच्या छाननीत मी काही वर्षे मदत केली आहे. मूतखडा, हृदयविकार, डोळ्यांची शस्त्रक्रिया, अपघात, ही नावे त्यांत असतात. मानसिक आजाराचे नाव मी एकाही अर्जावर पाहिलेले नाही. आपल्या घरांत तो आजार नाही असा याचा अर्थ नव्हे. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांनाही सांगितले आहे की, शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजाराला संरक्षण द्यावे. मग धर्मादाय संस्थेने मागे का राहावे? तेव्हा पहिली मागणी अशी की, अर्जाच्या छापील नमुन्यात ‘मानसिक आजार’ हे दोन शब्द घालावे आणि अशा अर्जांची छाननी एकाच विश्वस्ताने गुप्तपणे करावी.

दुसरी मागणी: ट्रस्टच्या खर्चाने या वर्षी आणखी दोन माणसांना शिक्षक होण्यासाठी पाठवावे. त्यांतील एक बाई असावी, कारण बाळंतिणीचे आणि सासुरवाशिणीचे दुःख माझ्यासारख्या पुरुषमास्तरापुढे उघडे होणार नाही. परिचारिका, अंगणवाडीच्या ताई, कारखान्यातील पर्यवेक्षक, यांपैकी कोणीही चालेल. पदवी मोठी नसली तरी हरकत नाही. लोकांचा विश्वास मोठा हवा.

तिसरी मागणी बिनखर्चाची आहे. कार्यालयाच्या फलकावर १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत लावावा, आणि तो वाचीत उभ्या असलेल्या माणसाकडे वळून पाहू नये.

पंचवीस वर्षांत या ट्रस्टने कित्येक घरांत पुस्तके पोहोचविली, कित्येक रोग्यांची औषधे आणून दिली. ज्यांना आपले दुखणे अर्जावर लिहिण्याचे धैर्य झाले नाही, त्यांच्या दारापर्यंत जाणे पुढील पंचवीस वर्षांत आपल्या हातून घडावे, एवढीच परमेश्वरापाशी प्रार्थना करतो. 

जय हिंद.